हेराल्डच्या तळाला चार ठिगळं

बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मी पंचवीस वर्षं माल तपासायचं काम करते आहे. पंपांचे सुटे भाग येतात. मी ते मापते, उजेडात फिरवून बघते, नखानं कड चाचपते आणि पास किंवा नापास करते. "अक्काला संशय घ्यायचा पगार मिळतो," असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. तो हे हसत म्हणतो, पण त्यात थोडी तक्रारही असते, कारण हा संशय मी संध्याकाळी कारखान्यात ठेवून येत नाही. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरांच्या चिठ्ठीपर्यंत सगळ्या गोष्टी मी दोनदा बघते. अप्पा म्हणजे आमचे वडील, तेवढे मी कधी तपासले नव्हते.

अप्पा जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा आम्ही दोघं भावंडं त्यांच्या गाडीवरून पहिल्यांदा भांडलो. गाडी म्हणजे हेराल्ड. दोन दारांची, फिकट हिरवी. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलगडतं, त्यामुळे दुरुस्तीला उभी असली की मगरीनं जबडा वासल्यासारखी दिसते. माझ्या जन्माच्या आधी अप्पांनी ती एका डॉक्टरांकडून घेतली होती. निपाणीहून नोकरीसाठी बंगळूरला आलेल्या माणसानं येलहंक्यात घर बांधायच्या आधी गाडी घेतली, याचं नातेवाइकांना फार दिवस आश्चर्य वाटत होतं. शेवटची सहा वर्षं मात्र ती घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभीच होती. कुणी बघायला आलं की अप्पा ताडपत्री उचलायचे आणि ठरलेलं वाक्य म्हणायचे, "कारखान्यातनं निघाली तशी आहे. एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही."

भाऊ व्हाइटफील्डला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका रविवारी तो जेवायला आला आणि जेवण झाल्यावर त्यानं मोबाइलवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. जुन्या गाड्या, आत नव्या मोटारी.

"इंजिन काढायचं, मोटर आणि बॅटरी बसवायची. एसी, पॉवर स्टिअरिंग. वरून आपली हेराल्डच दिसेल."

"मग आत काय उरलं तिचं?"

"अक्का, गाडी चालली पाहिजे. हे काय म्युझियम आहे?"

मी म्हटलं, गाडीला पन्नास वर्षं होऊन गेलीत, सांगाडा आणि इंजिन मूळचं असेल तर विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, मी अर्जसुद्धा उतरवून ठेवलाय. तो म्हणाला, नोंदणी घेऊन काय करायचं, वर्षातून एकदा रांगेत उभी करायची आणि लोकांनी सेल्फी काढायचे? आवाज चढले. आई पलीकडे पोळपाट पुसत होती. आईचं वय तेव्हा ऐंशी. लहानपणच्या पोलिओनं तिचा डावा पाय बारीक आहे. चालताना ती डाव्या गुडघ्यावर हात दाबते, आणि आयुष्यभर आम्ही ते इतकं पाहिलंय की आम्हाला ते दिसतच नाही.

"आई, तू सांग. काय करायचं?"

"तुमचं तुम्ही ठरवा की. मला त्यातलं काय कळतंय?"

"बरं, गाडीच्या नोंदणीचं जुनं पुस्तक कुठाय? माझ्याकडे नुसतं नंतरचं कार्ड आहे. अर्जाला जुनं लागेल."

"मला न्हाई माहीत," आई म्हणाली आणि पोळपाट घेऊन आत गेली.

शेवटी एवढंच ठरलं की आधी गाडी उघडून बघू. तळ कुजला असेल, इंजिन गेलं असेल, तर भांडून उपयोग नाही. मेकॅनिक भावानं शोधला. होसकोट्याला, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर एक म्हातारा गृहस्थ आहेत, चाळीस वर्षं फक्त जुन्या गाड्या करतात, ऑफिसातल्या कुणाची तरी गाडी त्यांनी केली आहे. मला लगेच खटकलं. ज्याला गाडी बदलायची आहे, त्यानंच मेकॅनिक आणायचा? आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात काय चालतं ते मी ऐकून होते. गाडी दुरुस्तीला जाते, परत येते, छान चकचकीत असते, पण आतला कार्ब्युरेटर दुसऱ्याचा, मीटर दुसऱ्याचं, दिव्याच्या कड्यासुद्धा दुसऱ्या. मूळच्या वस्तू परदेशात कुणाच्या तरी गाडीत पोचलेल्या असतात.

म्हणून गाडी टेम्पोवर चढायच्या आधीच्या शनिवारी मी शेडमध्ये बसले. प्रत्येक भागाचे फोटो काढले. मग कारखान्यातून आणलेला लाल मार्किंग पेंट बारीक ब्रशवर घेऊन, सहज नजर जाणार नाही अशा जागी एकेक टिंब दिलं. इंजिनच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सवर, मीटरच्या पाठीवर, सीटच्या सांगाड्यावर, पेडलच्या खाली. एकूण बेचाळीस टिंबं. कुणी एक भाग बदलला तरी मला कळणार होतं. आई खिडकीतून बघत होती.

"हे काय चाललंय?"

"खुणा करतेय. बदललं काही तर कळायला हवं."

आई खिडकीतून बाजूला झाली. मला वाटलं, तिला माझा हा स्वभाव आवडत नाही म्हणून गेली.

होसकोट्याचे मेकॅनिक पहिल्या भेटीत फार बोलले नाहीत. आमचं बोलणं कन्नडमध्येच व्हायचं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उलगडलं, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "स्वल्प वेळ लागेल अक्का. घाई करू नका." घाई करू नका म्हणणाऱ्या माणसाचाही मला संशय येतो. वेळ कशाला हवा असतो?

तीन आठवड्यांनी मी त्यांना फोन केला, तेव्हा ते सहज बोलून गेले, "तुमचे तम्मा कालच येऊन गेले ना." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मला त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं, आधीपण आले होते का? "हं, एकदा," ते म्हणाले. मी फोन ठेवला आणि कारखान्यात बसल्या बसल्या सगळं जुळवलं. भाऊ दोनदा गुपचूप जातो. मेकॅनिक त्याच्या ओळखीचा. आता थोड्या दिवसांत मला सांगतील, अक्का, गाडीत मूळचं काही उरलेलंच नाही, आता काय ते जपायचं, मोटर बसवून टाकू.

आणि पुढच्या गुरुवारी खरोखरच फोन आला. "अक्का, तुम्ही येऊन बघितलं तर बरं. तळाला काम केलेलं आहे. आणि फोनवर नको."

मी अर्धी रजा टाकली. बोम्मसंद्रा ते होसकोटे म्हणजे शहराला वळसा, सगळा वेळ लॉऱ्यांच्या मागे. जाताना मी काय काय बोलायचं ते मनात घोळवत होते. पोचले तेव्हा गाडीचं वरचं अंग एका बाजूला, सांगाडा दुसऱ्या बाजूला होता. हेराल्डचं तसं असतं, बोल्ट सोडले की शरीर वेगळं उचलता येतं. अप्पांना आयसीयूत बघितलं होतं, तसंच वाटलं.

मेकॅनिकांनी ड्रायव्हरच्या पायाखालची जागा दाखवली. रबराची मॅट आणि तिच्याखालचा डांबरी थर त्यांनी खरवडून काढला होता. खालच्या पत्र्यावर चार गोल ठिगळं होती, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असावीत तशी. प्रत्येक ठिगळ रुपयाएवढं, पिवळसर. मग त्यांनी स्टिअरिंगच्या नळीवर बोट ठेवलं. तिथे रंगाखाली पट्टा आवळल्याची खूण होती. क्लचचं पेडलसुद्धा इतर दोन पेडलांसारखं नव्हतं. त्याच्या दांडीला एका बाजूला आरपार भोक पाडून नंतर ते बुजवलेलं होतं.

"ही गाडी ओरिजिनल नाही अक्का," ते म्हणाले. "कुणीतरी काहीतरी बसवलं होतं आणि नंतर काढलं."

हेच वाक्य मी गेला आठवडाभर मनात ऐकत होते.

"हे तुम्ही केलंत?" मी विचारलं.

त्यांनी आधी फडक्यानं हात पुसले. मग म्हणाले, "मी कशाला करू?"

"माझ्या भावाला मोटर बसवायची आहे. गाडी मूळची नाही असं ठरलं की माझा मुद्दा संपला. म्हणून."

त्यांनी हातातलं फडकं बॉनेटवर ठेवलं. चिडले नाहीत, त्यामुळे मला आणखी वाईट वाटलं. शांतपणे म्हणाले, "तुम्ही जागोजागी लाल टिकल्या दिल्यात, त्या मला पहिल्याच दिवशी दिसल्या. एकही पुसलेली नाही. ज्या भागाला धुतलं, त्याची टिकली मी वाचवून धुतला. मोजून घ्या. पेडलखालची पण आहे."

मी वाकून बघितलं. पेडलखालचं टिंब होतं, माझ्याच हातचं, किंचित पसरलेलं. म्हणजे हे पेडल त्यांनी आणलेलं नव्हतं, आमच्या शेडमधून निघालं तेच होतं. मग मी ठिगळांकडे तपासणीच्या नजरेनं पाहिलं, जे मी आल्या आल्या करायला हवं होतं. नवं वेल्डिंग नव्हतंच ते. गॅसवर पितळ वितळवून झाळ मारलेली होती, आणि कडेला पितळ काळं पडून पत्र्याच्या गंजाशी एकजीव झालेलं. असा गंज महिन्याभरात करून दाखवता येत नाही. काम चाळीस-पन्नास वर्षं जुनं होतं आणि फार नीट होतं. अप्पा त्यांच्या कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवतात तिथे होते. झाळ संपल्यावर कानशीनं कड मारून ती बोटाला लागणार नाही एवढी सपाट करायची त्यांची सवय होती. घरातल्या कढईच्या कानाला त्यांनी मारलेली झाळ मी रोज बघते.

"सॉरी," मी म्हणाले.

"सरी, सरी," मेकॅनिक म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "कॉफी घेता?"

तिथूनच भावाला फोन केला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "दिसलं ना? मागच्या आठवड्यात मला दाखवलं त्यांनी. मी डिकीची मापं घ्यायला गेलो होतो, बॅटरी बसते का बघायला. मीच त्यांना म्हटलं, अक्काला बोलवा, तिला स्वतः बघू दे. मी सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास?"

नसता ठेवला. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मला वाटतं ॲक्सिडेंटची गाडी असणार," तो पुढे म्हणाला. "डॉक्टरकडून स्वस्तात मिळाली. अप्पांनी डागडुजी केली आणि जन्मभर आपल्याला सांगितलं, एक स्क्रू बदललेला नाही म्हणून. जाऊ दे ना अक्का. ती मूळची नव्हतीच, तर आता कशाला अडून बसायचं?"

त्याच्या बोलण्यात मला सुटका झाल्याचा सूर ऐकू आला. कदाचित नसेलही तो. पण त्या क्षणी माझं लक्ष त्याच्यावर नव्हतंच. परतीच्या सगळ्या रस्त्यात मी अप्पांना तपासत होते. एवढं सफाईदार काम करून ते डांबराखाली का झाकलं? कुणी काही विचारायच्या आधीच ते वाक्य का म्हणायचे? खरं सांगणारा माणूस इतक्या वेळा सांगत नाही. पुरवठादाराचा माणूस माल उतरवायच्या आधी "एकदम फर्स्ट क्लास माल आहे मॅडम" म्हणतो, तेव्हा मी पेटी तळापासून उघडायला लावते. आणि घरात हीच गोष्ट पन्नास वर्षं माझ्या कानाला कळली नव्हती. त्या गाडीत कुणी मेलं होतं का? अप्पांच्या हातून कुणाला काही झालं होतं का?

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आई पुढच्या व्हरांड्यात कोथिंबीर निवडत बसली होती. मी चपला काढल्या आणि एका दमात तिला सगळं सांगितलं. ठिगळं, पट्ट्याची खूण, पेडल. ती मान खाली घालून काड्या बाजूला करत राहिली. मला तिच्या शांतपणाचाही राग आला.

"म्हणजे अप्पा आपल्याशी खोटं बोलले," मी म्हणाले. "आयुष्यभर. आणि ते काय लपवत होते ते आता कुणाला विचारायचं?"

आईनं कोथिंबिरीचं ताट खाली ठेवलं.

"खोटं ते न्हाई बोलले," ती म्हणाली. "खोटं मी बोलले."

मग ती उठली, गुडघ्यावर हात दाबत आत गेली, आणि बराच वेळ आली नाही. परत आली तेव्हा तिच्या हातात साडीच्या घडीत ठेवलेलं गाडीचं जुनं पुस्तक होतं. मी उघडलं. अप्पांचं नाव. त्याखाली शिक्का आणि शाईनं लिहिलेली नोंद होती की अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून क्लच हातानं चालवण्याचा फेरफार केला आहे. त्याच्या चार वर्षांनंतरची दुसरी नोंद, फेरफार काढून टाकला.

मी आईच्या पायाकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे.

"तू गाडी चालवायचीस?"

"चार वर्षं. शाळेत शिकवायला जायचे की मी. तेव्हा इकडं बस कुठं होती धड? तुझ्या अप्पांनी दांडा बसवून दिला होता. स्टिअरिंगच्या चाकाच्या उजव्या अंगाला, असा लांब. अंगठा चाकावर, चार बोटं दांड्यावर. ओढला की क्लच दबायचा. दोन महिने खपले ते त्याच्यावर. खाली चार बोल्ट मारून यंत्र बसवलेलं."

ती बोलताना तिच्या उजव्या हाताची बोटं हवेत वळत होती. ती हालचाल मी कधीच पाहिली नव्हती.

"मग सोडलीस का?"

"तू चार वर्षांची होतीस. तुझा भाऊ पोटात, सहावा महिना. शाळेतनं येत होतो आपण दोघी. रेल्वेचं फाटक उघडलं, पुढं टांगा, त्याच्या मागं आपण. रुळांवर पोचलो आणि टांगा अडला. मी दांडा ओढून धरला होता. तू मागं रडत होतीस, पाटी सीटखाली पडली म्हणून. मी म्हटलं थांब, थांब. तू थांबेनास. मी मागं वळले आणि हात सुटला."

गाडीनं उसळी घेतली आणि रुळांवर बंद पडली. चावी फिरवली, चालू होईना. फाटकवाला ओरडत धावत आला. टांग्यातले लोक उतरले, सगळ्यांनी मिळून ढकलली. आगगाडी नंतर आली की आधीच येऊन गेली होती, ते आईला आठवत नाही. कुणाला खरचटलंही नाही. पण घरी आल्यावर तिनं चावी अप्पांपुढे टाकली. अप्पांनी विचारलं, काय झालं?

"मी म्हटलं, दांड्याची पिन सटकली."

"का?"

"भीती वाटली. तू मागं होतीस, पोटात हा. मी हात सोडला असं कसं सांगू? त्यांनी दुसऱ्या दिवशी रजा घेतली आणि यंत्र उघडलं. पिन जरा झिजलेली निघाली. चार वर्षं वापरलेली पिन झिजणारच की! पण ते पिन हातात घेऊन बसले. म्हणाले, माझ्या कामानं तुम्हाला मारलं असतं. त्याच आठवड्यात सगळं काढलं, भोकं बुजवली, वरनं डांबर मारलं. आणि मग ते सुरू केलं त्यांनी, एक स्क्रू बदललेला न्हाई."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"आधी भीतीनं न्हाई सांगितलं. मग वाटलं, सांगितलं तर ते परत बसवून देतील आणि म्हणतील, चालव. मला ती नको झाली होती. आणि मग वर्षं गेली. दर वेळी कुणी आलं की ते तसं म्हणायचे आणि मी चहा करायला आत जायचे." तिनं माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. "एवढा हुशार माणूस. आपल्या हातचं काम फसलं असं समजून गेला."

कारखान्यात कुणी चूक कबूल केली की माझ्याकडे फॉर्म असतो, त्यात कारण आणि उपाय लिहायच्या जागा असतात. मी आईजवळ खाली बसले आणि कोथिंबीर निवडू लागले. त्या फाटकावरचं मला काही आठवतंय का, हे मी तेव्हापासून कितीतरी वेळा शोधलं आहे. पाटी आठवते, लाकडी चौकटीची. पण पाटी सगळ्यांकडेच होती. पन्नास वर्षांनी कुणी सांगितल्यावर जे दिसायला लागतं, त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

मेकॅनिकवर संशय घेतला, भावावर घेतला, गेलेल्या बापावर घेतला. रोज माझ्यासमोर बसून भाजी निवडणारीवर घ्यावा असं मला एकदाही वाटलं नाही. तिनं "मला न्हाई माहीत" म्हटलं आणि मी ते तसंच पास केलं.

भावाला मी फोनवर सांगितलं नाही, घरी बोलावलं. आईनंच त्याला सगळं सांगितलं, या वेळी थोडं कमी थांबत. त्यानं जुन्या पुस्तकातल्या दोन्ही नोंदी वाचल्या. मग म्हणाला, "म्हणजे मीपण होतो त्या गाडीत." आई हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले. त्यानं तिचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं तोंड पुसलं.

त्यानंतर आम्ही गाडीबद्दल बोललो, पण ते पहिल्यासारखं भांडण नव्हतं. भावाची पहिली कल्पना अशी की अप्पांचा दांडा पुन्हा तसाच बनवून बसवायचा. मला क्षणभर ती फार आवडली. आईनं मात्र दोघांना झटकलं.

"अजिबात न्हाई. हात भरून यायचा माझा. चार वर्षं मी ते त्यांच्यासाठी चालवलं. आता काय मी ऐंशीव्या वर्षी येलहंका फिरू?"

"मग तुला काय हवंय?"

असं तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं. ती विचार करून म्हणाली, "पुढं बसताना धरायला काहीतरी पाहिजे. ते दार एवढं लांब, सीट एवढी खाली. मला उठता येत न्हाई. त्यांना कधी बोलले न्हाई मी. परत काहीतरी बनवत बसले असते."

मोटर आणि बॅटरीचा विषय भावानं स्वतःहून सोडला. त्याची समजूत मी घातली असं नाही. इंजिन काढायचं तर त्याचे बोल्ट अप्पांनी आवळलेले आहेत, ते दुसऱ्याकडून सोडवायचे हे त्याला आता जमेना, असं तो म्हणाला. मला शंका होती की महिन्याभरात तो विषय पुन्हा काढेल. अजून काढलेला नाही. त्याच्या बाजूनं त्यानं सीटचे पट्टे आणि चांगले ब्रेक मागितले, आणि मी कबूल झाले, कारण त्या बाबतीत तो बरोबर होता.

होसकोट्याला आम्ही दोघं गेलो. मेकॅनिकांना मी सगळी हकीकत सांगितली. फेरफार कशाचा होता ते ऐकल्यावर त्यांनी पुन्हा एकदा ती पट्ट्याची खूण बघितली, बोटानं अंतर मापलं आणि स्वतःशीच मान हलवली. त्यांचा प्रश्न मात्र कामाचा होता. तळाचा पत्रा आता उघडाच आहे, तर ही पितळी ठिगळं कापून नवा पत्रा सीओटू वेल्डिंगनं बसवायचा का? दिसायला साफ होईल. नोंदणीच्या तपासणीला येणाऱ्यालाही बरं वाटेल.

मी आणि भाऊ एकदमच "नको" म्हणालो.

"आणि तपासणीला विचारलं तर?"

"तर खरं सांगू," मी म्हणाले. "जुन्या पुस्तकात दोन्ही नोंदी आहेत."

गाडी तयार व्हायला आणखी पाच महिने लागले. त्या काळात मी होसकोट्याला सात-आठदा गेले. प्रत्येक वेळी काही ना काही तपासलंच, स्वभाव एका ठिगळानं जात नाही. ब्रेकच्या नळ्यांवरून आमचं वाजलंसुद्धा, आणि त्यात मी बरोबर निघाले, हे मेकॅनिकांनी मान्य केलं. नवीन म्हणून आलेली एक नळी जुनीच होती, पॉलिश केलेली. ती देणाऱ्या दुकानदाराला त्यांनी माझ्यासमोर फोनवर जे सुनावलं, त्यातलं निम्मं कन्नड मी घरी कधी ऐकलं नव्हतं.

आईच्या बाजूला डॅशबोर्डखाली एक स्टीलची पकड आली आहे आणि सीट चार बोटं उंच झाली आहे. दोन्ही गोष्टी बोल्ट सोडून काढता येतील अशा आहेत. विंटेजचा अर्ज गेला आहे. त्याचं काय होईल ते अजून कळलेलं नाही. एक अधिकारी येऊन बघून गेले, ठिगळांचे फोटो काढले आणि चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही.

रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो तेव्हा मी गाडी काढते. दोड्डबळ्ळापूरच्या बाजूला थोडं जाऊन परत येतो. आई पकडीला धरून बसते आणि खिडकीची काच पूर्ण खाली करते. पहिल्या दोन रविवारी ती नुसतं बाहेर बघत होती. तिसऱ्या रविवारी सिग्नलला आम्ही थांबलो होतो, तेव्हा तिनं माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं.

"क्लच असा अर्धा दाबून ठेवू नकोस," ती म्हणाली. "न्यूट्रलला टाक आणि पाय काढ."

मी न्यूट्रलला टाकली आणि पाय काढला. सिग्नल हिरवा झाला.

"आता पहिला," आई म्हणाली. "हळू सोड. अजून हळू. हां, जाऊ दे."